काही सांगायचं असल्यास

अंबडच्या शेडमध्ये, माझ्या खिडकीशी,
एका हातात चलन, दुसऱ्या हातात ही यादी.
टेंभेकर साहेब म्हणाले, यंदाचा स्नेहमेळावा तुम्ही बघा मॅडम,
तुमचं सगळ्यांशी जमतं.
जमतं म्हणजे काय, तर
गेटपाससाठी सगळ्यांना माझ्याचकडे यावं लागतं.

गेल्या वर्षी वायनरी होती, गंगापूर धरणाच्या अंगाला.
नोटीस बोर्डावर फोटो अजून आहे:
द्राक्षांच्या मांडवाखाली सव्वीस जण,
वर सोनेरी अक्षरांत 'आपण सारे एक'.
हजेरीपटावर त्रेचाळीस.
मी स्टोअर्सची बाई. स्टॉक जुळला नाही
की मला झोप लागत नाही.
सतरा नग कुठे गेले,
हे कुठल्याच रजिस्टरला नाही.
(सतरांत एक मी. मुलीला ताप आहे, असं कळवलं होतं.)

मग विचारत फिरले.
नफिसा आत्तार म्हणाली, रोजे चालू होते ना तेव्हा,
आणि त्याच दमात, पण तुम्ही जेवा हो, माझ्यासाठी कशाला थांबता.
शाळेपासून पाठ असल्यासारखं म्हणाली.
हर्षिल बोरा दिवस मावळल्यावर जेवत नाही,
आपण केक कापला रात्री नऊला.
वामन लिलकेची पेठची शेवटची एसटी
त्याआधीच निघून गेलेली.
कापडणीसांनी पायाकडे बोटसुद्धा केलं नाही.
पायऱ्या फार होत्या, असं ऐकलं, म्हणाले.
आणि वर्गणी पाचशे,
हे कारण एकानंही दिलं नाही.
तिघांच्या घरी त्या दिवशी पाहुणे आले होते.

म्हणून यंदा कुठे जायचं नाही.
ईद उलटून गेल्यावरचा शनिवार, भर दुपार,
गोडाऊनमागची सपाट फरशी.
तिथे रॅम्प आहे, पेट्यांसाठी बांधलेला.
बारा वर्षं पेट्या अलगद चढल्या त्यावरून,
आणि कापडणीस पलीकडच्या पायऱ्यांनी.
मिसळ सातपूरहून; एक पातेलं कांदा-लसणाशिवाय,
त्याचा डाव वेगळा. वर्गणी नाही.
आणि अंताक्षरी मी स्वतः काटली,
रोहिदास आहिरेसाठी.
प्रेस शॉपमध्ये तसे सगळेच बहिरे,
तो एकटा मुरलेला.

दुपारी तोच आला खिडकीशी.
कागद ओढून घेतला, काट मारलेल्या ओळीखाली लिहिलं:
का काढली? परीक्षक मी असतो.
कोण नुसते ओठ हलवतंय, ते मलाच दिसतं.
आणि साहेबांच्या केबिनकडे भुवई उडवली.

मी हसले. मग कान गरम झाले.
सगळ्यांना विचारत हिंडले होते,
त्याला तेवढं गृहीत धरलं.

यादीला एक रकाना वाढवला:
काही सांगायचं असल्यास.
बहुतेकांनी कोरा सोडला.
एकीने लिहिलं, लग्न कधी असं विचारू नये.
एकाने, मी नुसता बसेन, चालेल का?
चालेल, मी पुढे लिहिलं, दोनदा.

संध्याकाळी टेबल पुसताना
सुलभा गांगुर्डेने कागद उचलून खालचं पुसलं
आणि होता तसाच परत ठेवला.
ताई, शनिवारी किती जण ते सांगून ठेवा,
पत्रावळ्या आम्हालाच उचलायच्यात.
आम्ही म्हणजे सहा. कंत्राटाच्या.
बारा वर्षं हजेरीपटात नाहीत,
म्हणून माझ्या त्रेचाळिसांतही नाहीत.

साहेब म्हणाले, बजेट.
मी म्हटलं, वायनरीचं बिल काढू का फाइलमधून?
ते म्हणाले, बघा तुम्ही, बघा.

आता मिसळवाला फोनवर विचारतोय, किती प्लेटा.
एकोणपन्नास. नाही, थांबा,
पत्रावळ्या कोण उचलणार ते ठरू दे आधी.

बाहेर दुसऱ्या पाळीचा भोंगा झाला.
माझ्या नावापुढचा रकाना तेवढा कोरा आहे.
पेन चालतं.
चलनाच्या पाठीवर रेघ ओढून बघितली मी.